वस्तऱ्याचं पान

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरात दोन जाडजूड पुस्तकं हमखास असायची म्हणतात. एक बायबल आणि दुसरं कॅटलॉग. बायबल सांगायचं की हाव धरू नका, आणि कॅटलॉगचं पान उलटलं की हाव सुटायची.

हे कॅटलॉग म्हणजे विकाऊ मालाची यादी. वस्तूचं चित्र, खाली चार ओळींचं वर्णन, नंबर आणि किंमत. पाहिजे त्या मालाचा नंबर कागदावर लिहायचा, पैसे पाठवायचे, की शिकागोहून माल रेल्वेनं नाहीतर टपालानं यायचा. नांगर, शिवणयंत्र, घोड्याचं खोगीर, बायकांचे कपडे, औषधं, घड्याळं, सगळं एकाच पुस्तकात. पुढं १९०८ पासून तर घराचा आराखडा आणि बांधायचं सामानसुद्धा कॅटलॉगावरून मागवता यायला लागलं.

ही पद्धत निघाली ती शेतकऱ्याच्या अडचणीतून. ॲरन माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक फिरता विक्रेता होता. खेडोपाडी हिंडताना त्यानं एकच रड ऐकली. गावात दुकान एक, आणि दुकानदार सांगेल तो भाव. १८७२ साली त्यानं शिकागोत एका कागदावर मालाची यादी छापली आणि शेतकऱ्यांना पाठवली. शेतकऱ्यांची 'ग्रेंज' नावाची संघटना त्याच्या पाठीशी उभी राहिली. १८७५ साली त्यानं जाहीर केलं, की माल पसंत पडला नाही तर पैसे परत.

त्याच्यामागून आला रिचर्ड सीअर्स. हा मिनेसोटा राज्यातल्या एका लहानशा स्टेशनावर रेल्वेचा एजंट होता. १८८६ साली तिथल्या सराफानं न घेतलेली घड्याळांची पेटी त्यानं स्वतः घेतली आणि लाइनीवरच्या दुसऱ्या एजंटांना घड्याळं विकून टाकली. मग घड्याळं दुरुस्त करणारा अल्वा रोबक त्याचा भागीदार झाला. १८९३ पासून कंपनीचं नाव पडलं 'सीअर्स, रोबक अँड कंपनी'. १८९६ पासून सरकारनं खेड्यातल्या शेतकऱ्याला टपाल घरपोच द्यायला सुरुवात केली, आणि १९१३ पासून मोठी पार्सलंही टपालानं जायला लागली. मग काय, पुस्तक घरोघर झालं.

माझा पुतण्या तिकडे शिकागोजवळ नोकरीला आहे. मला जुन्या अवजारांचा नाद, हे त्याला ठाऊक. एका दिवाळीला येताना तो सीअर्सच्या १८९७ सालच्या कॅटलॉगची नव्यानं छापलेली प्रत घेऊन आला. विटेसारखं जड पुस्तक. माझं इंग्रजी दहावीपुरतं, म्हणून नातीला शेजारी बसवून वाचून घेतो. पण चित्राला इंग्रजी लागत नाही. सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो वस्तऱ्यांच्या पानावर, आणि मग त्या धंद्याबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

शेतकऱ्याला वस्तऱ्याचं काय पडलंय, असं कुणी विचारेल. पण धार हा आमचा रोजचा विषय. विळा, खुरपं, कुऱ्हाड, कडबा तोडायचा अडकित्ता, सगळं धारेवर चालतं. लोहाराकडून फाळ शेवटून आणला नाही तर बैल मरतात ओढून ओढून. आणि सगळ्या धारेच्या हत्यारांत वरच्या पायरीवर बसलेलं हत्यार म्हणजे वस्तरा. माणसाच्या गळ्यावर फिरूनही रक्त न काढणारी धार, ही काय साधी गोष्ट आहे?

घडीचा वस्तरा बघा. पात्याची पाठ जाड, आणि तिथून धारेकडे पातं पातळ पातळ होत जातं. जुने वस्तरे पाचरीसारखे भरीव असत. पुढं लहान व्यासाच्या फिरत्या दगडावर पात्याच्या दोन्ही बाजू पोखरून काढायला लागले. पाठ तशीच जाड, पोट खोलगट, आणि धारेजवळ पातं कागदासारखं. असा पोकळ घासलेला वस्तरा नखानं टिचकला तर नाद करतो. त्यात एक शहाणपण आहे. निसण्यावर पातं आडवं ठेवलं की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, आणि कोन आपोआप बरोबर बसतो. विळ्याला धार लावताना आपण हात अंदाजानं तिरका धरतो. वस्तऱ्यात तो अंदाज घडवणाऱ्यानं आधीच पाठीत घालून ठेवलेला असतो. पाठ आणि धार बरोबरीनं झिजतात, म्हणून बापाचा वस्तरा मुलाच्या हातात गेला तरी कोन फारसा बदलत नाही.

हे वस्तरे बहुतेक परदेशातून अमेरिकेत जायचे. दोन गावं त्यात नामांकित. एक इंग्लंडचं शेफील्ड आणि दुसरं जर्मनीतलं झोलिंगेन, ज्याला आपल्याकडची कारागीर मंडळी सोलिंगन म्हणतात. शेफील्डच्या 'वेड अँड बुचर', 'वोस्टनहोम' या छापांना अमेरिकेत मोठा मान. वोस्टनहोमचा धंदा अमेरिकेवर एवढा चालायचा, की त्यानं शेफील्डमधल्या आपल्या कारखान्याला वॉशिंग्टनचं नाव दिलं होतं. गिऱ्हाईक देव असतं म्हणतात, ते असं.

झोलिंगेनच्या कारागिरांनी पोकळ घासण्यात हात बसवला आणि शेफील्डला मागं टाकलं. वुपर नदीच्या काठी पाणचक्क्यांवर त्यांचे घासायचे दगड फिरत. १८९० साली अमेरिकेनं जकातीचा नवा कायदा केला, आणि १८९१ पासून परदेशी मालावर देशाचं नाव असणं सक्तीचं झालं. म्हणून जुने वस्तरे जमवणारे लोक आजही पहिल्यांदा पात्याची दांडी बघतात. तिथं 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' कोरलेलं असलं तर वस्तरा बहुतेक १८९१ नंतरचा.

चित्रात न दिसणारी गोष्टही सांगितली पाहिजे. शेफील्डला कोरड्या दगडावर पाती घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची आणि पोलादाची धूळ जायची. त्या आजाराला 'घासणाऱ्यांचा दमा' असंच नाव पडलं होतं, आणि पुष्कळ कारागीर तरणेपणीच मरायचे. छापील किमतीत त्यांच्या आयुष्याचा हिशेब कुठं दिसत नाही.

मुठींचाही थाट. हस्तिदंत, शिंग, हाड, कडक रबर, आणि सेल्युलॉइड. सेल्युलॉइड हे हस्तिदंताच्या बदली निघालेलं स्वस्त द्रव्य, अमेरिकेतच १८७०च्या आसपास तयार झालेलं. त्यामुळं दिसायला हस्तिदंती मूठ गरिबालाही परवडायला लागली. पात्यावर नक्षी आणि अक्षरंही कोरलेली असत.

वस्तऱ्याच्या आसपास बाकीचा लवाजमा. धार परजायचा चामड्याचा पट्टा, बहुतेक घोड्याच्या कातड्याचा, मागं जाड कापड लावलेला. निसणा, डुकराच्या नाहीतर बिज्जूच्या केसांचा ब्रश, साबणाच्या वड्या, फेस करायचा मग. ही यादी वाचताना मला आमच्या तात्यांची धोकटी आठवली. येवल्याकडच्या आमच्या गावचे न्हावी, सगळं गाव त्यांना तात्याच म्हणायचं. त्यांच्या धोकटीत वस्तरा, कात्री, नराणी, निसणा, पट्टा, पाण्याची वाटी आणि तुरटीचा खडा. साबण नंतर आला. आधी नुसतं पाणी लावून दाढी भिजवायचे, बोटांनी चोळून चोळून. समुद्रापलीकडे चित्रात छापलेली वस्तू आणि पिंपळाच्या पारावर मांडलेली वस्तू, काम एकच. निसण्यावर धार पुढं करून ओढायची आणि पट्ट्यावर पाठ पुढं करून, ही रीतसुद्धा दोन्हीकडे एकच. उलटं केलं तर पट्टा कापला जातो, हे तिथल्या आणि इथल्या कारागिराला वेगवेगळं शिकवावं लागलं नाही.

आता हिशेबाकडे येतो. त्या काळी अमेरिकेतल्या लहान गावात न्हाव्याकडे दाढीला साधारण दहा सेंट पडायचे. शंभर सेंटचा एक डॉलर. कॅटलॉगातला साधा पण टिकाऊ वस्तरा डॉलरच्या आसपास मिळायचा. म्हणजे दहा दाढ्यांच्या पैशात वस्तरा आला. आठवड्याला एक दाढी धरली तर अडीच महिन्यांत तो फिटला, आणि पुढं जन्मभर फुकट. शेतमजुराला महिन्याला वीसेक डॉलर मिळायचे, तेव्हा ही बचत लहान नव्हती. वरून गाडी जोडून गावात जायचा दिवसही वाचला.

पण पैशापेक्षा मला मोठी वाटते ती किंमत छापण्याची गोष्ट. कॅटलॉगात किंमत एकदा छापली की ती सगळ्यांना तीच. गोऱ्याला तीच, काळ्याला तीच. इंग्रजी येतं त्याला तीच, आणि काल बोटीतून उतरलेल्या स्वीडिश किंवा जर्मन शेतकऱ्यालाही तीच. सीअर्सनं तर सांगून ठेवलं होतं, की तुमच्या भाषेत लिहा, अक्षर कसंही असो, आम्ही समजून घेऊ आणि माल पाठवू. हे वाक्य नातीनं वाचून दाखवलं तेव्हा मी तिला ते परत वाचायला लावलं. अर्ज भरताना कारकुनाची बोलणी खाल्लेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात त्या काळी काळ्या माणसाला दुकानात मागं उभं राहावं लागायचं. आधी गोऱ्या गिऱ्हाइकांचं व्हायचं, मग उरलासुरला माल याच्या हातात, तोही दुकानदार म्हणेल त्या भावानं. कॅटलॉगाला त्याचा रंग दिसत नव्हता. पत्र गेलं की गोऱ्या मळेवाल्याला जो वस्तरा, तोच वस्तरा त्याला. तिकडच्या इतिहासकारांनी यावर लिहिलंय. पण सगळं सोपं होतं असंही नाही. कॅटलॉगाला रोख पैसा लागायचा. वाट्यानं शेती करणाऱ्या काळ्या कुळाच्या हातात रोकड क्वचितच असायची. पीक उभं असतानाच ते दुकानदाराकडं गहाण पडलेलं. उधारीनं बांधलेल्या माणसाला छापील भाव वाचता येतो, पण त्या भावानं घेता येत नाही. हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

गावोगावचे दुकानदार कॅटलॉगावर चिडले, यात नवल नाही. काही गावांत त्यांनी लोकांकडून कॅटलॉगं गोळा करून चौकात होळी केली. पोरांना पुस्तक आणून दिल्याबद्दल बक्षिसं दिली. लोकांनी जुनी पुस्तकं दिली असतील आणि नवी घरात ठेवली असतील, असा माझा आपला अंदाज.

आपल्याकडे याच्या उलट तऱ्हा होती. तात्यांच्या दाढीला किंमतच नव्हती. वर्षभर घरातल्या सगळ्या पुरुषांच्या दाढ्या, पोरांची जावळं, लग्नातला मान, सुतकातलं मुंडण, आणि सुगीला खळ्यावर बलुतं. बाजरीच्या पेंढ्या आणि पायलीच्या मापानं दाणे. पाऊस झाला तर तात्यांचं घर भरायचं. १९७२च्या दुष्काळात आमच्या खळ्यावरच काही नव्हतं, तर त्यांना काय देणार? त्यांनी त्या वर्षीही दाढ्या केल्या. याला कुणी प्रेम म्हणतं, आणि प्रेम होतंच. पण एका दाढीचे किती, हे विचारायची सोय त्यांना नव्हती, हेही खरं.

आणि कुणाची दाढी करायची, हेही त्यांच्या हातात नव्हतं. मी लहान असताना तात्या दलित वस्तीत जात नसत. गेले असते तर बाकीच्या गावानं त्यांचं बलुतं तोडलं असतं. वस्तीतली माणसं एकमेकांची हजामत करत. बाबासाहेब आंबेडकर लहानपणी साताऱ्याला असताना न्हावी त्यांचे केस कापत नव्हता, ते काम त्यांच्या बहिणीला करावं लागे, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नोंदलेली आहे. म्हणून वस्तऱ्याचा इतिहास लिहिताना नुसतं पोलाद आणि मुठी सांगून भागत नाही. वस्तरा कुणाच्या हातात आणि कुणाच्या गालावर, हेही सांगावं लागतं.

हा प्रश्न सोडवायला नव्हे, पण सोडवायला उपयोगी पडली ती दुसरी एक वस्तू. सेफ्टी रेझर. १८४७ साली विल्यम हेन्सन नावाच्या इंग्रजानं एक पेटंट घेतलं. त्यात पातं दांडीला आडवं बसवलेलं होतं, आणि त्यानं स्वतःच त्या आकाराची तुलना शेतात खुरपायच्या आडव्या पात्याच्या अवजाराशी केली होती. आजच्या प्रत्येक रेझरचा आकार असा शेतातून आलेला आहे, हे वाचून मला बरं वाटलं. १८८० साली अमेरिकेत काम्फे बंधूंनी पात्यापुढं आडोसा बसवला, म्हणजे कातडी कापायची भीती कमी. पण त्यांचं पातं जाड, ते काढून परजावंच लागायचं. त्या काळी घडीचे वस्तरे आणि हे नवे रेझर दोन्ही विकायला होते, जशी मधली काही वर्षं आपल्याकडे मोट आणि इंजिन एकाच विहिरीवर दिसायची.

मग किंग कॅम्प जिलेटनं पातळ पत्र्याचं पातं काढलं. धार गेली की फेकून द्यायचं. एवढ्या पातळ पत्र्याला पाणी देऊन धार धरता येईल, यावर पोलादातल्या जाणत्यांचा विश्वास नव्हता. विल्यम निकर्सन या यंत्र जाणणाऱ्या माणसानं ते करून दाखवलं. १९०३ साली विकले गेले फक्त ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच साली रेझर खपले ९० हजारांवर, आणि त्याच साली, १९०४ला, पेटंट हाती आलं. सेटची किंमत पाच डॉलर, म्हणजे चांगले चार-पाच वस्तरे यावेत एवढी. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं शिपायांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले. शिपाई घरी आले ते रोज स्वतःची दाढी करायची सवय घेऊन. पट्टा आणि निसणा हळूहळू मागं पडले. शिकलेला हात लागत नाही अशी वस्तू आली, की शिकलेला हात घरी बसतो.

आमच्याकडे रेझर आला तो आठवडेबाजारात, माझ्या लहानपणी. माझ्या बरोबर शिकणाऱ्या, वस्तीतल्या एका मित्राचे वडील देवळालीच्या छावणीत कामाला होते. त्यांच्याकडे दाढीचा सेट मी पहिल्यांदा पाहिला. पितळी रेझर, गोल आरसा, अॅल्युमिनियमची वाटी. सकाळी अंगणात बसून ते ऐटीत दाढी करायचे. बाजारात पातं विकणारा जात विचारत नव्हता, पाकिटावरची किंमत मागत होता. पाती महाग वाटायची म्हणून लोक ती काचेच्या पेल्यात आतून घासून पुन्हा वापरायचे. फेकायची वस्तूसुद्धा आपल्या माणसानं परजून परजून वापरली.

टपालानं माल मागवायची सोय आपल्याकडेही जुनी. व्हीपी पद्धत इंग्रजांनी १८७७ साली सुरू केली, म्हणजे जवळपास वॉर्डच्याच काळातली. पण तिच्यात मेख अशी, की पोस्टमनला आधी पैसे मोजायचे, मग पाकीट फोडायचं. १९७५च्या सुमाराला आमच्या चुलत्यांनी वर्तमानपत्रातली जाहिरात बघून दाढीचा सेट मागवला. सगळं घर पाकिटाभोवती जमलं. रेझरचा आटा बसेना, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रशचे केस साबणाच्या फेसात पोहायला लागले. चुलत्यांनी तीन कार्डं टाकली. उत्तर आलं नाही. 'पैसे परत' हे शब्द छापणं आणि पाळणं यात किती अंतर असतं, ते तेव्हा कळलं. म्हणून वॉर्डच्या त्या १८७५च्या बोलाला मी मोठं मानतो.

तात्यांच्या मुलानं पुढं स्टँडवर सलून टाकलं. भिंतीवर दराची पाटी लावली. कटिंग एवढे, दाढी एवढे. ती पाटी लावल्यावर गावातले काही म्हातारे रागावले, की आम्हाला दर दाखवतो काय. पण खुर्चीत कुणीही येऊन बसायला लागलं. एड्सची चर्चा सुरू झाल्यावर त्यानं बापाचा सोलिंगनचा वस्तरा पेटीत ठेवला आणि गिऱ्हाइकागणिक नवं अर्धं पातं घालायचा वस्तरा घेतला. तो जुना वस्तरा मी हातात घेऊन पाहिलाय. पातं झिजून निम्म्यावर आलंय, पण परजला तर अजून केस उडवतो.

तिकडं वॉर्डनं १९८५ साली कॅटलॉग बंद केलं, आणि सीअर्सनं आपलं मोठं कॅटलॉग १९९३ साली.

एक गोष्ट मात्र मला त्या पुस्तकावरून राहून राहून आठवते. ही दोन्ही कॅटलॉगं निघायची शिकागोतून. आणि अमेरिकेचा धान्याचा मोठा सौदेबाजारही १८४८ पासून शिकागोतच. म्हणजे त्या शेतकऱ्याला वस्तरा केवढ्याला, हे छापील मिळायचं शिकागोतून, आणि त्याचा गहू केवढ्याला, हेही ठरायचं शिकागोतच, पण ते रोज बदलणारं आणि दुसऱ्यानं ठरवलेलं. घेताना भाव छापलेला, विकताना भाव बोललेला. लासलगावला कांद्याची ट्रॉली लिलावात उभी करून मी स्टँडवर दाढीला जातो, तेव्हा पाटीवरचा दर वाचून खुर्चीत बसतो. कांद्याचा भाव काय फुटला, ते दाढी झाल्यावर कळतं.